माळावर मेंढ्या पाळायच्यात? आधी गवत बघा

माण, आटपाडी, जतकडं ज्यांना विकतचा खुराक न घालता नुसत्या चराईवर कळप ठेवायचाय त्यांच्यासाठी लिहितोय. मेंढीची जात दख्खनी असो नाहीतर माडग्याळ, आधी माळाचे चार-पाच तुकडे पाडा आणि एका तुकड्यावर आठवड्याच्या वर कळप ठेवू नका. मेंढी गवत पार बुडापर्यंत खाते, रोज तिथंच चारलं की पवना, मारवेल ही चांगली गवतं संपतात आणि नुसती कुसळी हे हलकं गवत उरतं. कुसळीही वाया घालवू नका, कोवळी हाय तोवर चारा, कुसळं धरली की तिकडं फिरकू नका, ती लोकरीतून कातड्यात घुसतात अन् कोकरांच्या डोळ्यात जातात.

पावसाळ्यात खरी परीक्षा जंतांची. ओल्या गवतावर जंताची पिल्लं पात्यावर चढलेली असतात म्हणून दव उडाल्याशिवाय कळप सोडू नका, थोडा उशीर झाला तरी चालतंय. दर पंधरा दिवसांनी एकेकीची खालची पापणी ओढून बघा, आतून लालभडक असेल तर बरी, फिकट-पांढरी दिसली किंवा जबड्याखाली पाणी भरून सूज लोंबायला लागली तर रक्त पिणारे जंत झालेत समजा. औषध अशांनाच द्या, वजन करून, पुरेसा डोस. सगळ्या कळपाला सारखं सारखं पाजलं की जंत औषधाला दाद देईनासे होतात, आणि हे मला फार कळकळीनं सांगावंसं वाटतं कारण मग पुढं हातात काहीच राहत नाही.

आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणारा रोग) लस मे महिन्यातच टोचून घ्या, पहिल्यांदा देत असाल तर 2-3 आठवड्यांनी बूस्टर, म्हणजे दुसरा डोस. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर या रोगानं चांगली धष्टपुष्ट कोकरंच रात्रीत मरतात. ज्वारीच्या कापणीनंतरच्या कोवळ्या फुटव्यात कळप घालू नका, विषबाधा होते. गाईचं मिनरल मिक्श्चर (क्षारांची भुकटी) मेंढीला देऊ नका, त्यातलं तांबं तिला सोसत नाही.

25-30 माद्यांना एक मेंढा बास. गाभण काळ पाच महिन्यांचा, त्यामुळं मेंढा कधी सोडायचा ते उलटं मोजून ठरवा, वेत गवत असताना पडलं पाहिजे. शेवटच्या दीड महिन्यात मात्र बाभळीच्या शेंगा नाहीतर थोडं भरडलेलं धान्य द्याच, गाभण मेंढीच्या बाबतीत काटकसर नको.

रात्रीची वाघर (कळप कोंडायची जाळी) रोज जागा बदलून लावा, लेंड्या सगळ्या रानात सारख्या पडतात आणि खुरंही कोरडी राहतात.