एन्गेज डिजिटायझर (Engauge, ग्राफच्या चित्रातून आकडे काढायचं सॉफ्टवेअर): सेगमेंट फिल कर्व्ह सोडून ग्रिडवर जातोय?

पंपाच्या जुन्या कॅटलॉगचा ब्लॅक अँड व्हाइट स्कॅन होता, हेड-डिस्चार्ज कर्व्ह (पाणी किती उंच चढतं आणि किती येतं त्याची रेघ) काळा आणि ग्रिडही काळीच, त्यामुळे सेगमेंट फिलने (रेघेवर आपोआप पॉइंट टाकणारं टूल) कर्व्हवर क्लिक केलं की पॉइंट थोडे कर्व्हवर आणि बाकी सगळे ग्रिडच्या रेघेवर. कलर फिल्टरने काही झालं नाही, रंगच एक तर तो तरी काय वेगळं करणार! ग्रिड पेंटमध्ये खोडायला गेलो तर कर्व्हही पुसला जातो. पार वैताग आला.

शेवटी चाललं ते असं. आधी ॲक्सिस पॉइंट टूलने एक्स-वायचे आकडे माहीत असलेले तीन पॉइंट देऊन टाका, कारण त्याशिवाय ग्रिड रिमूव्हल वापरताच येत नाही. मग सेटिंग्ज मेनूतलं ग्रिड रिमूव्हल उघडा, वरची टिक लावा, एक्ससाठी ग्राफवर छापलेल्या आकड्यांप्रमाणे स्टार्ट, स्टेप, स्टॉप भरा (माझं 0, 5, 50), तसंच वायसाठी. क्लोज डिस्टन्स (ग्रिडच्या रेघेपासून किती अंतरापर्यंतचं पुसायचं ते) कमीच ठेवा, 2-3 पिक्सेल, जास्त केलं की कर्व्हचा सुरुवातीचा आडवा भाग पण ग्रिड समजून उडवतो, आणि पंपाच्या कर्व्हमध्ये नेमका तोच भाग जवळजवळ सपाट असतो. व्ह्यू मेनूतून बॅकग्राउंडला फिल्टर्ड इमेज लावून बघा, ग्रिड गेलेली दिसली की मगच सेगमेंट फिल. जिथे कर्व्ह तुटलाय तिथे कर्व्ह पॉइंट टूलने हाताने पॉइंट टाका. एक्सपोर्ट फॉरमॅटमध्ये एक्सचं समान अंतर निवडलं की सीएसव्ही सरळ एक्सेलला चालते.