घराजवळ चालण्यासाठी बरा रस्ता कसा शोधावा

डॉक्टरांनी "रोज चाला" म्हटलं की आपण बूट आणतो आणि समोर दिसेल त्या रस्त्याला लागतो. माझ्या आईनं तेच केलं. संध्याकाळी सातला सोलापुरातल्या वर्दळीच्या होटगी रोडच्या कडेनं चालायची आणि घरी येऊन खोकत बसायची. पंधरा दिवसांत म्हणाली, "माझ्यानं नाही होत बाबा आता." पाय दुखत नव्हते तिचे, छाती भरून यायची.

आधी घरातच हवेतल्या धुराची एक तपासणी करा. गॅलरीचा कठडा ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पांढरा रुमाल फिरवा. तपकिरी डाग म्हणजे बहुतेक माती, ती सोलापुरात कुठंही येणारच. पण डाग काळपट आणि बोटाला चिकट लागत असेल, तर त्यात गाड्यांची काजळी आहे असं समजा. फुप्फुसात खोलवर जाणारे २.५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण रुमालावर वेगळे ओळखू येत नाहीत. केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून अंदाज करा. दमा, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका हे कण वाढवतात. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ सालीच जाहीर केलं आहे.

आता रस्ता निवडा. सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. धुराचा जोर मोठ्या रस्त्याच्या अगदी कडेला असतो आणि शंभर-दीडशे मीटर आत गेलं की बराच उतरतो. म्हणजे दोन गल्ल्या आत सरकायचं, एवढंच. रविवारी सकाळी वही घेऊन निघा आणि घरापासून पंधरा मिनिटांत पायी कुठं कुठं पोचता येतं ते लिहा: किराणा, गिरणी, दवाखाना, देऊळ, बाग. साखर पेठ किंवा भवानी पेठेत फुटपाथ नावालाच असेल, पण सगळं हाकेच्या अंतरावर असतं, म्हणून माणसं आपोआप चालतात. जुळे सोलापुरात रस्ते रुंद आहेत, तरी कोथिंबिरीच्या जुडीसाठीही गाडी काढावी लागते. म्हणून तिकडे राहणाऱ्यांनी चालण्याला काम जोडावं. दूध, भाजी, नातवाची शाळा, काहीही चालेल. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम गतीनं चालणं पुरेसं असतं आणि ती अशा कामांतच भरतात.

सिद्धेश्वर तलाव किंवा कंबर तलाव छानच आहे. पण रोज गाडीनं तिथं जाऊन चालण्यापेक्षा घरामागची शांत गल्ली मला बरी वाटते.

वेळही बघा. उन्हाळ्यात सहालाच निघा, नंतर ऊन सोसवत नाही. थंडीत मात्र पहाटे गार हवा जमिनीलगत बसते आणि धूर तिच्यात अडकून राहतो, त्यातच उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेले असतात. तेव्हा ऊन वर आल्यावर निघा. मोठ्या रस्त्यानं जावंच लागलं तर लिंबाची पानं कुठल्या बाजूला हलतात ते बघा आणि वारा येतो त्या बाजूनं चाला, म्हणजे धूर पलीकडे जातो. सिग्नलला गाड्यांच्या घोळक्यापासून चार पावलं मागं थांबा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर शहरातल्या हवेच्या प्रदूषणाचा आकडा (AQI) दिसतो, जितका जास्त तितकी हवा वाईट. तो २०० च्या वर गेला तर दमेकऱ्यांनी आणि हृदयरोग्यांनी त्या दिवशी घरातच फेऱ्या माराव्यात. साध्या रुमालानं बारीक कण अडत नाहीत, एन-९५ मास्क लागतो.

शेवटचं काम जरा चिकाटीचं आहे. फुटपाथ कुठं तुटलाय, झाकण कुठं उघडं आहे, टपरी किंवा दुचाक्यांमुळं कुठं रस्त्यावर उतरावं लागतं, त्याचे तारखेसह फोटो काढा. चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, टेप लावून मोजा. गल्लीतल्या दहा-बारा घरांच्या सह्या घेऊन महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. महिन्यानं तीच पोच घेऊन पुन्हा जा.

आई आता मागच्या गल्लीतून देवळापर्यंत जाते आणि येताना पालेभाजी आणते. परवा तिनंच मला दाखवलं, वळणावरचं झाकण अजून उघडंच आहे. अर्ज तिच्या नावानं लिहिलाय.