छोट्या बोअरच्या शॉटगनने उडती तबकडी फोडायला कसे शिकावे

मशीनने हवेत फेकलेली तबकडी छर्र्यांनी फोडायला शिकणाऱ्या नवख्याच्या हातात .410, म्हणजे नेहमीच्या शॉटगनांतली सर्वांत बारीक नळीची बंदूक, देऊ नये. हलकी आहे, धक्का कमी आहे म्हणून ती पहिली बंदूक म्हणून दिली जाते आणि तिथेच गाडी अडते. तिच्या नेहमीच्या काडतुसात 14 ग्रॅम छर्रे असतात. 9 नंबरचे, म्हणजे बारीक छर्रे धरले तर जेमतेम 290. तेवढ्याच जाडीचे छर्रे 28 बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) 21 ग्रॅमच्या काडतुसात 430 च्या पुढे, तर 20 बोअरच्या 24 ग्रॅममध्ये जवळपास 500 मावतात. छर्रे कमी की चुकीला वाव कमी. म्हणून सुरुवात 20 किंवा 28 ने करावी. ऑलिंपिकच्या प्रकारांत 12 बोअरलाही 24 ग्रॅमचीच मर्यादा आहे, त्यामुळे 20 बोअर घेतली म्हणून आपण काही गमावतो असे नाही.

बोअरचा आकडा उलटा चालतो. एक पौंड शिशाच्या 20 सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास येतो, तो 20 बोअरच्या नळीचा व्यास, म्हणजे 15.6 मिमी. 28 बोअर सुमारे 14 मिमीची. .410 मात्र थेट इंचातले माप आहे, साधारण 10.4 मिमी.

बंदूक निवडताना

फार हलकी बंदूक घेऊ नका. 24 ग्रॅमचे काडतूस 2.7 किलोच्या 20 बोअरमधून उडवले, तर खांद्याला बसणारा धक्का 3.4 किलोच्या 12 बोअरमधून 28 ग्रॅम उडवल्यापेक्षाही जास्त लागू शकतो. शिवाय हलकी नळी चटकन फिरते आणि तितक्याच चटकन थांबते. तीन किलोच्या आसपासची, दस्ता मापात बसणारी बंदूक बरी. माप पाहायला सोपी खूण म्हणजे बंदूक खांद्याला लावली की नाक आणि चापाच्या हाताचा अंगठा यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा अरुंदपणा, कमी ठेवा: स्कीट किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर.

डोळा तपासा

दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून दूरची एक वस्तू पाहा. आता डावा डोळा मिटा. वस्तू जागेवर राहिली तर उजवा डोळा प्रबळ, नाहीशी झाली तर डावा. बंदूक प्रबळ डोळ्याच्या बाजूच्या खांद्यावर असावी. ते जमतच नसेल तर चष्म्याच्या प्रबळ डोळ्यासमोरच्या काचेवर, नळीकडे पाहताना आड येईल अशा जागी, अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा.

काडतुसांची गफलत

इथे तडजोड नाही. 20 बोअरचे काडतूस 12 बोअरच्या नळीत घसरून चेंबरच्या (काडतूस बसते त्या भागाच्या) पुढे अडकते. चाप ओढला की नुसताच ‘टक्’ आवाज येतो. काडतूस भरलेच नव्हते असे वाटून माणूस मागून 12 चे भरतो, आणि नळी फुटते. 20 बोअरची काडतुसे पिवळी करतात ती याचसाठी. 28 चे काडतूस 20 च्या नळीतही असेच अडकू शकते. तेव्हा खिशात एकाच बोअरची काडतुसे हवीत.

लांबीही पाहा. नळीवर 70 मिमी कोरले असेल तर 76 मिमीचे काडतूस आत जाईल, पण उडवू नका. काडतुसावरची लांबी तोंड उलगडल्यानंतरची असते. उलगडायला जागा कमी पडली की दाब वाढतो.

बाकी शिस्त थोडक्यात: परवाना आणि मैदानाचे नियम आधी समजून घ्या, डोळ्यांवर चष्मा, कानांवर इअरमफ, स्टँडबाहेर, म्हणजे बार काढायच्या ठरलेल्या जागेबाहेर, बंदूक उघडी आणि रिकामी. चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी मैदानाकडेच रोखून अर्धा मिनिट थांबा, मग उघडा. आवाज फुसका आला तर पुढचे काडतूस भरण्याआधी बंदूक रिकामी करून नळीत काही अडकले आहे का ते पाहा.

खांद्याला लावण्याचा सराव

बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. आधी दस्ता गालाला, मग खांद्याला. उलटे केले की डोके दस्त्याकडे वाकवावे लागते आणि डोळ्याची रेषा दरवेळी बदलते. डावा पाय किंचित पुढे (डावखुऱ्यांनी उजवा), वजन थोडे पुढच्या पायावर, गुडघे सैल. पाय तबकडी जिथे फोडायची तिकडे रोखून उभे राहा, मग कमरेतून मशीनकडे वळा. मशीनकडे पाय करून उभे राहणाऱ्याचे अंग नेमके बार काढायच्या वेळी आखडते.

पहिली तबकडी

तबकडी साधारण 110 मिमी व्यासाची. सुरुवातीला ती आपल्यापासून दूर, जवळपास सरळ जाणारी हवी. स्कीटच्या मैदानात (तिथे तबकड्या एका उंच आणि एका खालच्या घरातून सुटतात) सात नंबरच्या स्टँडवरून खालच्या घरातली मागा. 15 ते 20 मीटरच्या आत फोडायची. नळीचे तोंड तबकडीच्या वाटेच्या किंचित खाली धरा, नजर मशीनच्या बाजूला, आणि मग तबकडी सोडायला ‘पुल!’ म्हणा. तबकडी स्पष्ट दिसली की नळी हलवा, तिच्यामागून येऊन तिला पार करा आणि नळी न थांबवता चाप ओढा. नळीच्या टोकावरच्या मण्याकडे पाहायचे नाही, तबकडीच्या पुढच्या कडेकडे पाहायचे. मण्याकडे नजर गेली की हात थांबतो.

चुकते कुठे

बहुतेक तबकड्या मागून चुकतात. नळी थांबली, नजर मण्यावर आली, किंवा ‘नक्की करून मारू’ म्हणत उशीर झाला. मागच्या कडेचा टवका उडाला तर तेच समजा. गाल दस्त्यावरून उचलला की छर्रे वर जातात; तबकडी फुटली का ते पाहायची घाई याला कारण. धक्क्याच्या भीतीने अंग आखडत असेल तर सोबत्याला मधूनमधून डमी (न उडणारे) काडतूस भरायला सांगा. बार न उडताच नळी खाली गेली की दुखणे कळते. अशा वेळी बार वाढवू नका, त्या दिवशी थांबा.

सलग आठ-दहा फुटू लागल्या की कोनातल्या तबकड्या घ्या. 20 मीटरवरून आडव्या जाणाऱ्या तबकडीला मीटरभर पुढे मारावे लागते. काडतुसांचा वेग सारखा असेल तर हे अंतर 12 बोअरला आणि .410 ला सारखेच असते. लहान बोअरला जास्त पुढे मारावे लागते हा गैरसमज आहे.

.410 कडे वळाल तेव्हा आधी 20 मीटरवर मोठ्या कागदावर बार काढा आणि खऱ्या तबकडीएवढी चकती त्यावर फिरवा. चकतीखाली तीनपेक्षा कमी छर्रे येतील अशी रिकामी जागा मध्यभागाजवळ सापडली, तर चोक घट्ट करा किंवा अंतर कमी करा. आणि शिशाची काडतुसे हाताळल्यावर काही खाण्याआधी हात साबणाने धुवा.