रझाकारी काळात कैदेतून निसटलेल्या स्त्रीचा स्मृतिदिन गावाने कसा पाळावा

हैदराबाद संस्थानातील निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षात (१९४७-४८) मराठवाड्यातील असंख्य माणसे संस्थानाची सरहद्द ओलांडून बार्शी, सोलापूर, मनमाड, उमरखेड या बाजूंना गेली. निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेच्या ताब्यातून निसटून रात्रीतून हद्दीपलीकडे पोचलेल्या एखाद्या स्त्रीची हकीगत आपल्या गावात सांगितली जात असेल, तर तिच्या स्मृतीसाठी स्वतंत्र दिवस ठरवणे योग्य होईल. मात्र स्मरण तिच्या हालांचे करायचे नसून तिने घेतलेल्या निर्णयाचे आणि तिने काढलेल्या वाटेचे करायचे आहे, हे पहिल्या बैठकीतच स्पष्ट व्हावे, कारण पुढचे प्रत्येक काम यावर अवलंबून आहे.

सर्वांत आधी तिच्या लेकीसुनांची, आणि ती हयात असल्यास तिची स्वतःची, संमती घ्यावी. कैदेत काय घडले हे कोणीही खोदून विचारू नये. तिने जे आपणहून सांगितले असेल तेवढेच गावासमोर यावे, आणि नाव जाहीर करण्यास घरच्यांचा नकार असेल तर तो विनातक्रार मानावा.

आठवणी टिपताना प्रश्न वाटेचे विचारावेत. ‘आजी, दार कुणी उघडलं? नदी कुठं ओलांडली? रानात ज्वारी केवढी होती?’ अशा प्रश्नांना वृद्ध माणसे नेमकी उत्तरे देतात. तारीख विचारली की गप्प बसतात. तारीख आपणच काढायची असते. ‘पोळा झाला होता आणि मिल्ट्री अजून आली नव्हती’ असे कोणी म्हणाले तर शोध बराच सोपा होतो, कारण १९४८ साली श्रावण अमावास्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली होती आणि भारतीय सैन्य १३ सप्टेंबरला संस्थानात शिरले. हुरड्याचा उल्लेख आला तर घटना त्याआधीच्या हिवाळ्यातली, मार्गशीर्ष-पौषातली समजावी. पुरुषांइतकेच गावातील वयस्कर स्त्रियांनाही बोलते करावे, किंबहुना आधी त्यांनाच भेटावे; कोणाच्या घरात ती लपली आणि कोणी भाकर बांधून दिली, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. जात्यावरच्या ओवीत तिचा उल्लेख राहिला असेल, तर ती ओवी म्हणणाऱ्या बाईच्या आवाजातच ध्वनिमुद्रित करावी.

कागदपत्रे पाहताना संस्थानी दप्तर उर्दूत आणि फसली सनात (संस्थानच्या महसुली कालगणनेत) आहे हे लक्षात ठेवावे. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीस आजूर महिन्याने सुरू होत असे, त्यामुळे फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ हा काळ होय. उर्दू वाचणारे शिक्षक गावात किंवा तालुक्याला असतातच, त्यांना सन्मानाने सोबत घ्यावे. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या फायलींतील अर्ज आणि साक्षीदारांची प्रमाणपत्रे उपयोगी पडतात, परंतु ती योजना १९७२ साली सुरू झाल्याने हे कागद घटनेनंतर अनेक वर्षांनी लिहिलेले आहेत, याचे भान राखावे. आणि फाइल सापडली नाही म्हणून त्या स्त्रीचे धाडस घडलेच नाही असा निष्कर्ष कधीही काढू नये. अर्ज करण्याची कल्पनाही अनेकींना कोणी दिली नव्हती.

स्मृतिदिन १७ सप्टेंबरला ठेवू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. त्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन, भाषणे आणि सत्कार असतात. त्या गर्दीत तिच्या वाट्याला दोन वाक्ये येतील. घटनेची तिथी निश्चित झाली असल्यास तीच पाळावी, अन्यथा तिच्या घरच्यांना सोयीचा दिवस निवडावा.

कार्यक्रमाचा गाभा म्हणजे तिच्या वाटेवरून चालणे. भाद्रपदात काळ्या रानातला चिखल पायाला कसा ओढतो आणि पुरुषभर ज्वारीत माणूस कसा दिसेनासा होतो, हे पायी चालल्यावरच मुलांना उमगते, म्हणून शक्य असेल तर चालणे त्याच मोसमात ठेवावे. ज्यांच्या शेतातून जायचे त्यांना आधी विचारावे, धुऱ्याने चालावे, आणि नदीला पाणी असेल तर पलीकडे जाण्याचा हट्ट न धरता काठावर थांबून उरलेली वाट तोंडी सांगावी. मुलांकडून कैदेचा प्रसंग नाटकात करवून घेऊ नये. तिच्या घरचे लोक समोर बसलेले असतात.

बोलणाऱ्यांनी ‘रझाकार’ हे एका सशस्त्र संघटनेचे नाव आहे, समाजाचे नव्हे, हे निःसंदिग्धपणे मांडावे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला, ही हकीगत त्या दिवशी अवश्य सांगावी. भारतीय सैन्याच्या सप्टेंबर १९४८ मधील कारवाईनंतर, म्हणजे ‘पोलीस कारवाई’नंतर, निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे ओढवले, त्याची आठवणही गावात असेल. ती सांगायला कोणी उभे राहिले तर त्यांना अडवू नये.

फलक लावायचा असल्यास जागेसाठी ग्रामसभेचा ठराव करून घ्यावा. मजकुरात तिचे नाव, माहेर, सासर, कोठून निसटली, कोठे पोचली आणि कोणी साहाय्य केले एवढे असावे. ‘रणरागिणी’सारखी विशेषणे टाळावीत. जे केवळ सांगोवांगी आहे तेथे ‘गावातील आठवणीनुसार’ असे लिहावे. ध्वनिमुद्रणाची एक प्रत तिच्या घरी, एक शाळेत आणि एक छत्रपती संभाजीनगर येथील स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी द्यावी, आणि प्रत्येक प्रतीसोबत कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला सांगितले याची नोंद जोडावी.