कोकणातलं जुनं घर घेताय? विसार देण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात कोकणातलं कुठलंही जुनं घर चांगलंच दिसतं. अंगण सारवलेलं, ओटीवर वारा, परसात फणस लागलेले, भिंती ठणठणीत कोरड्या. आम्ही आमचं घर असंच पाहिलं, गुहागर तालुक्यात. दोनदा गेलो, दोन्ही वेळा जेवण आटोपून पाऊण तास फिरलो आणि विसार देऊन मोकळे झालो. जुलैत पहिल्यांदा तिथे रात्र काढली तेव्हा माजघराच्या मागच्या भिंतीवर कमरेपर्यंत ओल चढली होती. मागच्या पडवीतल्या एका वाशाचं, म्हणजे छपराच्या उतरत्या लाकडाचं, टोक दाबलं तर बोट आत गेलं. ती भिंत उतरवून पुन्हा बांधावी लागली, सहा वासे आणि एक तुळई बदलावी लागली. घराच्या किमतीच्या जवळजवळ पाव भाग तिथेच गेला. यातलं बहुतेक सगळं खरेदीआधी कळण्यासारखं होतं. ज्याला कळलं असतं असा माणूस आम्ही सोबत नेलाच नव्हता.

त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांसोबत बरीच घरं पाहिली, इंजिनिअर आणि सुतार यांच्या मागे मागे फिरून शिकत गेलो. पुन्हा पुन्हा दिसलेल्या चुका इथे लिहितो आहे.

‘बँकेचा माणूस बघून गेलाय’

ही सगळ्यात महाग पडणारी समजूत. बँकेचा मूल्यांकन करणारा घराची किंमत ठरवायला येतो. जागा किती, बांधकाम किती, आसपास भाव काय, कर्ज वसूल होईल का, एवढं त्याला सांगायचं असतं. तो माळ्यावर चढत नाही, वाशाला टोचून बघत नाही. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं हे आपल्याला ठाऊक असतं, सोसायटीच्या सभेत त्यावरून वादही घातलेले असतात. मग तोच चाकरमानी गावाकडे ऐंशी वर्षांचं घर नुसतं डोळ्यांनी बघून घेतो.

दुसरी चूक याच्याच शेजारची: विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला इंजिनिअर घेणं. तो चांगलाही असेल, पण त्याला काम देणारा तुमच्यासमोर बसलेला नाही. आपला माणूस आपण शोधावा, त्याची फी आपण द्यावी. आणि त्याने पूर्वी चिऱ्याची (जांभा दगडाच्या कापीव ठोकळ्यांची), मातीची, लाकडी छपराची घरं तपासली आहेत का, हे आधी विचारावं. आयुष्यभर फक्त कॉलम-बीम केलेल्या माणसाला जुनी भिंत एक तर सरसकट धोकादायक वाटते, नाही तर सरसकट ठीक. जमल्यास सोबत गावातला एखादा वयस्क सुतार घ्या. आमच्या वेळी नव्हता, पण पुढे भेटलेल्या एका सुतारकाकांचं एक वाक्य मी प्रत्येक घरात आठवतो: “वासा मधोमध बघू नका, भिंतीत शिरतो तिथं बघा.”

पावसाळ्याचं घर उन्हाळ्यात बघणं

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तिथल्या जुन्या घराची परीक्षा याच चार महिन्यांत होते. म्हणून एक पाहणी तरी भर पावसात व्हायला हवी. पागोळ्या, म्हणजे छपरावरून गळणाऱ्या धारा, कुठे पडतात, त्यांचं पाणी जोत्यापासून दूर जातं की पायाशीच मुरतं, मागच्या डोंगराचं पाणी कोणत्या बाजूने येतं, हे ऑगस्टमध्ये अर्ध्या तासात समजतं. मे महिन्यात ते तुम्हाला कुणी सांगत नाही, कारण घरातल्या माणसांना त्याची सवय झालेली असते.

व्यवहार उन्हाळ्यातच करायचा असेल तर खुणा शोधा. माळ्यावर कौलांच्या खाली लाकडावर काळपट ओघळ, भिंतीच्या पायथ्याशी पांढरी खार, अंगणात एका रेषेत पडलेले पागोळ्यांचे खड्डे, जोत्याच्या चिऱ्यांवर हिरवट-काळा थर. घर नुकतंच रंगवलेलं असेल तर का रंगवलं ते विचारा, आणि उत्तर मिळालं तरी कपाटं, पलंग भिंतीपासून ओढून मागे बघा.

गिलाव्यावर विसंबणं

जांभ्याचं एक वैशिष्ट्य आधी सांगतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने 1800-01 च्या प्रवासात मलबारात हा दगड पाहिला. लोक तो खाणीतून विटेसारखा कापून काढतात आणि उघड्यावर राहिला की तो कडक होतो, हे त्याने 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आणि विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. चिरा कडक होतो हे खरं, पण तो सच्छिद्र राहतो. जमिनीतलं पाणी तो थोडंफार ओढून घेणारच. जुन्या गवंड्यांना हे माहीत होतं. त्यांनी सांधे मातीत किंवा चुन्यात भरले आणि भिंत उघडी ठेवली किंवा चुन्याने लिंपली. ओढलेली ओल दोन्ही अंगांनी सुकत राहायची.

मग गेल्या तीस-चाळीस वर्षांत कधीतरी कुणीतरी त्या भिंतीला बाहेरून आणि आतून सिमेंटचा गिलावा केला. घर ‘पक्कं’ करायची हौस असते, त्यात वाईट हेतू नसतो. पण ओलीला बाहेर पडायची वाट बंद झाली की ती वर चढते. पूर्वी जोत्यापाशी थांबणारी ओल तीन-चार फुटांवर जाते. मातीचे सांधे भिजत राहतात आणि भिजलेल्या मातीत ताकद उरत नाही. वरून भिंत सरळ, रंगवलेली, आणि आत चिरे जवळपास सुटे. आमच्या मागच्या भिंतीचं हेच झालं होतं.

तपासायचं कसं? बोटाच्या पेराने किंवा लहान हातोडीने गिलाव्यावर टकटक करत जा. बद्द आवाज येईल तिथे गिलावा सुटलेला आहे. फक्त खालच्या तीन फुटांना नवा गिलावा असेल, किंवा माजघरात भिंतीला अर्ध्यापर्यंत टाइल्स लावल्या असतील, तर तिथे कारण आहे असं धरून चाला. इंजिनिअरकडे ओल मोजायचं यंत्र असतं. ते जमिनीपासून वर दर फुटावर लावून आकडे लिहून घ्यायला सांगा. आणि मालकाची परवानगी घेऊन हातभर गिलावा दोन ठिकाणी काढून आतला सांधा बघा. काडी टोचली आणि माती भुरभुर पडली, तर त्या भिंतीचा खर्च किमतीत धरायला हवा. “गिलावा काढायला देणार नाही” असं कुणी म्हणालं तर मी तरी पुढे जाणार नाही. उपाय सोपा वाटतो, सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करायचा. पण चुन्याचं काम येणारा गवंडी सहज मिळत नाही, हे हिशेबात घ्या.

छपराकडे खालून बघून मान डोलावणं

मंगळुरी कौल साधारण अडीच किलोचं असतं आणि चौरस मीटरला पंधराएक लागतात. शंभर चौरस मीटर छपर म्हणजे पावणेचार टन नुसती कौलं, आणि पावसात भिजली की आणखी जड. हे ओझं वासे, आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) आणि तुळया पेलतात. वासे आपल्या टोकांशी भिंतीला बाहेर ढकलत असतात, आडव्या तुळया दोन्ही भिंती बांधून ठेवतात. माळा मोकळा करायला किंवा डोकं आपटतं म्हणून अशी एखादी तुळई कापलेली आढळली, तर बाहेर जाऊन त्या जागची भिंत ओळंब्याने (दोरीला लावलेल्या वजनाने) सरळ आहे का ते तपासा. भिंतीला पोट आलेलं असण्याची शक्यता मोठी. रस्त्यावर दूर उभं राहून आढ्याची रेष बघा, मध्ये झुकली आहे का ते लगेच दिसतं.

लाकूड जाड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायचं. सगळीकडे नाही, तीन जागी: वासा भिंतीत शिरतो तिथे, जिथे कौल फुटून गळलेलं दिसतं तिथे, आणि खांबाच्या तळाशी. साग, ऐन, किंजळ, फणस, शिवण यांपैकी कोणतं लाकूड कुठे आहे हे सुतार सांगेल. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण बाहेरच्या फिकट भागाला लागते. म्हणून ‘सगळा साग आहे’ यावर समाधान मानू नका. वाळवीच्या मातीच्या नळ्या ताज्या ओलसर आहेत की जुन्या कोरड्या, हे एक नळी मोडून कळतं. एक-दोन दिवसांनी ती पुन्हा जोडलेली दिसली तर वाळवी आत आहे. खांबाखाली बारीक पीठ पडत असेल तर भुंगा.

कौलं काढून पत्रे घातलेलं घर वेगळं तपासावं लागतं. पत्रा हलका, तो वाऱ्याने उचलला जातो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा छपरंच्या छपरं उडाली. पत्रा, त्याखालचं लाकूड किंवा लोखंड, आणि भिंत हे एकमेकांना कशाने धरून आहेत, तेवढं अहवालात लिहून घ्या.

भेगेला नको तिथे घाबरणं

केसासारख्या, एक मिलिमीटरच्या आतल्या उभ्या-आडव्या भेगा गिलाव्याच्या असतात. त्यावर वेळ घालवू नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग मात्र सांगते की पाया कुठेतरी बसतो आहे किंवा कोपरा बाहेर निघतो आहे. चिपळूण-संगमेश्वर भागात “ती कोयनेच्या भूकंपाची आहे, जुनीच” असं उत्तर मिळतं. 11 डिसेंबर 1967 च्या त्या भूकंपाने या भागात भेगा पडल्या असतील हे पटण्यासारखं आहे. पण भेगेच्या आत डोकावा. जुन्या भेगेत धूळ, कोळिष्टकं, रंगाचे जुने थर असतात. कडा स्वच्छ आणि तीक्ष्ण असल्या तर ती अलीकडची. पेन्सिलीने दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहा, मध्ये काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी पट्टी तडकली असेल तर हालचाल चालू आहे. यासाठीच दोन भेटींची पाहणी मागावी, एक पावसाआधी आणि एक पावसात.

घाटावर, मराठवाड्यात घर घेणाऱ्यांसाठी इथेच थोडं. तिथल्या जाड दगडी भिंती बहुधा दोन पदरी असतात, मध्ये माती आणि कपच्या. दोन्ही पदर बांधणारे आरपार दगड आहेत का, हे विचारायलाच हवं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती प्रामुख्याने अशाच न बांधलेल्या भिंती आणि त्यांवरच्या मातीच्या जड धाब्यांखाली, म्हणजे सपाट छपरांखाली. गळतं म्हणून दरवर्षी वर मातीचा नवा थर टाकत गेलेल्या धाब्याची जाडी मोजून घ्या.

मागून जोडलेला स्लॅब

जुन्या घराच्या मागे न्हाणीघर आणि संडासासाठी एखादी स्लॅबची खोली असतेच. जुनं घर एका पायावर, ही खोली दुसऱ्या, त्यामुळे दोघांच्या सांध्यात फट पडते आणि तिथून गळतं. ते दुरुस्त होतं. चिंतेची गोष्ट म्हणजे स्लॅबच्या खालच्या बाजूने सुटलेले पोपडे आणि दिसणाऱ्या गंजक्या सळ्या. किनाऱ्याजवळ खारी हवा असते, आणि काही ठिकाणी खारी रेतीही वापरली गेली आहे. इंजिनिअर काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग दाखवणारं रसायन टाकेल. गुलाबी झालं तर सळईला गंजण्यापासून वाचवणारा तिथला अल्क शाबूत आहे, रंग आलाच नाही तर तितक्या खोलवर सळईचं संरक्षण गेलेलं आहे. ही तपासणी स्वस्त आहे, मागून घ्या.

फक्त घर बघणं

घरामागे डोंगर कापून जागा सपाट केली आहे का? कापलेल्या उतारावर वाकलेली झाडं, नव्या भेगा, मधेच फुटणारे झरे आहेत का? 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळिये गावात दरड कोसळली आणि त्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली होतं. त्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं ते शेजाऱ्यांना विचारा, मालकाला नव्हे. भिंतीत उगवलेला पिंपळ, जोत्याला टेकलेलं जुनं झाड, संडासाच्या टाकीपासून विहिरीचं अंतर, विजेचं जुनं वायरिंग, ही यादी इंजिनिअरकडे असते. ती पूर्ण भरली आहे एवढं बघा.

अहवाल कसा मागावा

तोंडी “ठीक आहे, घ्या” यावर थांबू नका. प्रत्येक खोलीचे फोटो, ओलीचे आकडे, कोणतं लाकूड बदलायचं, ताबडतोब काय, वर्षभरात काय, थांबलं तरी चालेल असं काय, आणि प्रत्येकाचा अंदाजी खर्च, हे लेखी हवं. आणखी एक मुद्दा लोक विसरतात: काय बघता आलं नाही तेही लिहायला सांगा. कुलूपबंद खोली, खाली तक्तपोशी (फळ्यांचं छत) असल्याने न दिसलेले वासे. आणि विसार पावतीतच वकिलाकडून एक ओळ घालून घ्या की, पाहणीत मोठा दोष निघाला तर विसार परत मिळेल किंवा किमतीवर पुन्हा बोलणं होईल. साठेखत (विक्रीचा लेखी करार) झाल्यावर हे मागणं अवघड जातं.

गेल्या वर्षी माझ्या आतेभावाने राजापूरकडे घर बघितलं. मालक काका म्हणाले, “शंभर वर्षं उभं आहे, आता काय होतंय त्याला.” तरी त्यांनी दोन्ही पाहण्या करू दिल्या, गिलावाही काढू दिला. अहवालात उत्तरेकडची भिंत, अकरा वासे आणि मागचा चर निघाला. तो कागद काकांनी ओटीवर बसून दोनदा वाचला, मग आत जाऊन आढ्याखाली बराच वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी किंमत स्वतःच कमी केली आणि चर कुठून काढायचा ते अंगणात काठीने आखून दाखवलं.