सोलापूरच्या उन्हाच्या भरवशावर वाळवंटात सायकल नेताय? या चुका टाळा

"मे महिन्यात ४३ अंशात हैदराबाद रोडला सायकल मारतोय बे आपण, राजस्थानचं काय सांगतो?" जोधपूर ते जैसलमेर चॅरिटी राइडची पहिली बैठक सोलापुरात झाली, तेव्हा हे वाक्य माझंच होतं. पोकरणमार्गे साधारण २८५ किलोमीटर, तीन दिवस, डिसेंबर महिना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका खेजडीखाली (आपल्याकडची शमी) डोकं धरून बसलो होतो आणि हवेत तिशीचंसुद्धा तापमान नव्हतं.

आपल्याला उन्हाची सवय आहे, हे खरं. पण हिवाळ्यातलं वाळवंट उन्हाने मारत नाही, तिथेच आपण फसतो.

घाम दिसत नाही म्हणून पाणी न पिणं

हवा कोरडी, त्यात सायकलचा वारा. घाम अंगावर टिकतच नाही, त्यामुळे "आज घाम कुठे आलाय" असं वाटत राहतं. जर्सीच्या पाठीवर पांढरी रेघ दिसली की समजायचं, मीठ गेलं. तहानेची वाट पाहू नका, दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या. सकाळपासून लघवीलाच गेला नसाल, किंवा ती गडद पिवळी असेल, तर तुम्ही आधीच मागे पडलाय.

याच्या उलटी चूक आमच्यातल्या एकाने केली: भीतीने नुसतं साधं पाणी ढोसत राहिला. त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, पुढे भ्रम. दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस हवंच. पण पाकिटावरचं वाचा. मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं आणि सायकलची बाटली बहुधा पाऊण लिटरची. अख्खं पाकीट त्यात ओतलं की द्रावण जास्त खारट होतं. कोणी असंबद्ध बोलायला लागला तर मात्र पाकिटं फोडत बसू नका, सपोर्ट गाडीत घालून थेट दवाखाना गाठा.

थंडीला हसणं

पहाटे जैसलमेरकडे पारा दहाच्या खाली जातो. हातमोजे नसतील तर बोटं बधिर होतात आणि ब्रेक दाबला की नाही तेच कळत नाही. तंबूत सोलापुरी चादर पुरेल, हाही भाबडेपणा, मी केलाय. चादर आपली लाडकी, पण तिथे स्लीपिंग बॅगच. पहाटे जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवा, वारा अडतो. ऊन चढलं की काढून टाका.

काटा न शोधता ट्यूब बदलणं

वेडी बाभूळ आपल्या माळावर आहे तशी तिकडेही आहे, शिवाय सराटे. पंक्चर होणारच. खरी चूक घाईची असते: जुनी ट्यूब काढली, नवी घातली, हवा भरली आणि दोनशे मीटरवर पुन्हा फुस्स! काट्याचं टोक टायरमध्येच राहिलेलं असतं. टायरच्या आतून बोट हळूच गोल फिरवा, सुईसारखं टोचेल तिथे थांबा. टोक बाहेरून दिसत नाही, आतून दाबलं की डोकं वर काढतं. नखाने नाही निघालं तर चिमटा घ्या. माणशी दोन ट्यूब आणि एक चिमटा, एवढं सामान ठेवाच.

चेनला ओलं तेल लावू नका, वाळू चिकटून त्याचा सँडपेपर होतो. कोरडं किंवा मेणाचं वंगण लावा आणि रोज संध्याकाळी फडक्याने पुसा.

वाळूवर ब्रेक मारणं

वाऱ्याने डांबरावर वाळूची जीभ आलेली असते. घाबरून पुढचा ब्रेक दाबला की माणूस आडवा. वाळू यायच्या आधीच वेग कमी करा, हलका गिअर घ्या, वजन थोडं मागे सरकवा, हँडल सरळ ठेवा आणि पाय मारत राहा.

वाऱ्याचा हिशेब न ठेवणं

जैसलमेरच्या आसपास पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. त्यांच्याकडेच बघा: पाती ज्या दिशेला तोंड करून फिरतात, तिकडून वारा येतोय. समोरून असेल तर त्या दिवशी सरासरी वेगाचा नाद सोडा, एकामागे एक लागा आणि पुढचा माणूस दर काही मिनिटांनी बदला.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मुक्कामाला उत्तम, खराब होत नाही. चालत्या सायकलवर मात्र घशात अडकते. तिथे खजूर, केळी, चिक्की.

देणगी आपल्या खिशातून फिरवणं

लोक सायकलीचीच तयारी करतात आणि पैशात तोंडघशी पडतात. देणगी स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. ज्या संस्थेसाठी राइड करताय, तिच्या खात्याचाच क्यूआर कोड द्या. रेल्वे, मुक्काम, सपोर्ट गाडी हा खर्च सायकलस्वारांनी आपला आपण भरायचा आणि तसं आधीच सांगायचं, नाहीतर "आमच्या पैशावर राजस्थान फिरून आले" हे ऐकावं लागतं. संस्थेला ८०जी, म्हणजे देणाऱ्याला प्राप्तिकरात सूट मिळवून देणारी मान्यता, आहे का, तेही पैसे मागण्याआधी विचारा.

आणि रोख. चाटी गल्लीतल्या एका कापड दुकानदाराने मला कौतुकाने पाच हजार मोजून दिले, मीही घेतले. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर ८०जीची सूट मिळत नाही, हे आम्हा दोघांनाही त्यांच्या सीएकडून कळलं. पुढच्या वर्षी त्यांनी चेक लिहिला, संस्थेचं नाव मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं आणि मगच चहा मागवला.