लांबच्या राइडआधी स्वतः बाइकला हात लावताय? या चुका टाळा

रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या बाइकच्या मालकाला मी आधी एकच प्रश्न विचारतो, ‘शेवटचं काम कधी केलं होतं?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘कालच रात्री सगळं टाइट करून घेतलं ना!’ झालं, अर्धं निदान तिथेच होतं.

निघायच्या आदल्या रात्री बाइक उघडू नका. परत आल्यावर, कुठे काय वाजत होतं हे डोक्यात ताजं असताना यादी करावी आणि पुढच्या राइडच्या निदान दहा दिवस आधी काम उरकावं. मग शंभरेक किलोमीटर चालवून आणावी आणि जिथे जिथे पाना लागला होता तो प्रत्येक नट पुन्हा तपासावा. नवे ब्रेक पॅड डिस्कवर नीट बसायलाही तेवढं अंतर लागतंच. एवढा धीर नसेल तर सरळ मेकॅनिककडे द्या, त्यात कमीपणा काही नाही.

चेन ताणून ठेवणे

ही माझी खास चीड. चेन थोडी हलताना दिसली की नवशिक्याचा हात शिवशिवतो. एका मित्राने असंच केलं. चेनचा खडखड आवाज येतो म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी अ‍ॅडजस्टर फिरवत गेला, चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी झाली तेव्हा थांबला. आवाज बंद झाला, गडी खूश. दुसऱ्या दिवशी मागे बायको, दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा आणि घाटातला खड्ड्यांचा रस्ता. एका थांब्यावर तापलेल्या तेलाचा वास आला म्हणून वाकून बघितलं, तर पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या) कव्हरखालून इंजिन ऑइल ठिबकत होतं. मी चेनला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतकी तापली होती. काडीने खालून वर ढकलली तर जागची हलेना. तिथेच ढिली केली खरी, पण तेल अडवणारं ऑइल सील गेलं होतं आणि ते स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या शाफ्टचं बेअरिंग गुरगुरत होतं. राइड तिथेच संपली. सील बहुतेक बाइकमध्ये बाहेरून बदलता येतं. बेअरिंगसाठी मात्र अख्खं इंजिन खोलावं लागलं.

असं का होतं? स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, ज्या बिंदूभोवती वरखाली होतो तो बिंदू आणि पुढचं स्प्रॉकेट एका जागी नसतात. वजन पडून सस्पेन्शन दबतं तसं मागचं अ‍ॅक्सल, म्हणजे चाकाचा आस, स्प्रॉकेटपासून दूर जातं आणि चेन ताणली जाते. स्प्रॉकेटचा मध्य, तो बिंदू आणि अ‍ॅक्सल एका रेषेत आले की अंतर सर्वांत जास्त होतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेली ढील, म्हणजे चेन वरखाली किती हलावी तो आकडा, त्या क्षणासाठी असते. बहुतेक रोड बाइकना ती 20 ते 40 मिमीच्या दरम्यान असते; तुमच्या बाइकचा आकडा आणि तो साइड स्टँडवर मोजायचा की मेन स्टँडवर, हे मॅन्युअलमध्येच बघा.

चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत जिथे ती सर्वांत ताठ असेल तिथे मोजा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असेल तर अ‍ॅडजस्ट करत बसू नका, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. अ‍ॅक्सलचा नट आवळताना ढील बदलते. त्यावर माझी सवय अशी: चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मधे जाड फडक्याची घडी सरकवायची, ती दातांवर दाबली जाईपर्यंत चाक हाताने फिरवायचं, म्हणजे अ‍ॅक्सल पुढे अ‍ॅडजस्टरला टेकून बसतं. मग नट आवळायचा, फडकं काढायचं, पुन्हा मोजायचं.

आणि इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसणारे महाभाग! फडक्याबरोबर बोट स्प्रॉकेटमध्ये गेलं की ते परत मिळत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, चाक हाताने. दोन मिनिटं वाचवायची ही जागा नव्हे.

ऑइल बदलताना जोर दाखवणे

ड्रेन बोल्ट पोलादी, आणि ज्यात तो बसतो ते इंजिनचं आवरण अ‍ॅल्युमिनियमचं. जोर केला की हरणार कोण ते उघड आहे. हा प्रकार नेहमी एकाच क्रमाने घडतो. जुनाच वॉशर लावला जातो, थेंब थेंब गळती सुरू होते, गळतंय म्हणून बोल्ट आणखी आवळला जातो आणि पुढच्या वेळी बोल्टबरोबर आट्यांची चकचकीत तार बाहेर येते. मग टेफ्लॉन टेप, नाहीतर एपॉक्सीचा लगदा. हा जुगाड दारात उभ्या गाडीला चालतो, दिवसभर तापणाऱ्या इंजिनला नाही. आटे गेले की त्यात नवा आटा बसवून घेणं हाच खरा इलाज.

दर वेळी नवा वॉशर घालावा, बोल्टचे पहिले काही फेरे बोटांनीच फिरवावेत आणि शेवटी टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) वापरावा. तो नसेल तर निदान आखूड दांड्याचा पाना घ्या, म्हणजे जोर करावासा वाटला तरी करता येत नाही. वेट क्लच, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच भिजणारा क्लच, असलेल्या बाइकला डब्यावर जासो (JASO, ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए2 लिहिलेलंच ऑइल लागतं. कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच घसरतो. लेव्हल बघताना बाइक सरळ उभी हवी. इंजिन थोडं चालवून बंद करा, काही मिनिटं थांबा, मग बघा. ‘लांब जायचंय, थोडं जास्त असू दे’ हा शहाणपणा नको. जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनमधला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरच्या डब्यात जातं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

टॅपेटचा (इंजिनचा व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाचा) आवाज पूर्ण बंद करण्याचा हट्ट नको. थोडं टिकटिकणारं टॅपेट चालतं. फार घट्ट व्हॉल्व्ह आवाज न करता जळतो. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली गॅप थंड इंजिनवरच मोजा.

ब्रेक पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, म्हणून अर्धा उघडा डबा वर्षभर कपाटात ठेवून वापरू नका. गाडीतलं फ्लुइडही साधारण दोन वर्षांनी बदला.

टायरची हवा थंड असतानाच बघा. चालवून तापल्यावर वाढलेला आकडा पाहून हवा सोडू नका.

चाकाच्या बेअरिंगवर आणि वायरिंगच्या जोडांवर प्रेशर वॉशर मारू नका.

सेल्फ मारत नाही म्हणून लगेच नवी बॅटरी आणू नका. आधी टर्मिनल घट्ट आहेत का बघा. मग मल्टिमीटर लावा: थोडा वेळ उभ्या असलेल्या गाडीत, चार्ज असलेली साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिनची रेस वाढवल्यावर साधारण 13.5 ते 14.5 दिसायला हवेत. तिथे आकडा वाढत नसेल तर दोष चार्जिंगमध्ये आहे, नवी बॅटरीही तशीच बसेल. आणि त्याच्याही आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, बघा. हसू नका, प्लग आणि कार्बोरेटर खोलून बसलेल्या माणसाचा किल स्विच मी स्वतः चालू करून दिला आहे.

मागचं चाक एकदा तरी घरीच काढून बसवा, तेही राइडवर नेणार असलेल्या हत्यारांनीच, घरच्या मोठ्या सेटने नव्हे. गाडीबरोबर मिळालेल्या बोटभर पान्याने अ‍ॅक्सलचा नट सुटत नसेल, तर बॅगेत सर्वांत आधी लांब दांड्याचा पाना जातो, कपडे त्यानंतर.